गाडी उंच, गुडघे आईचे

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार परवा आईला तपासायला घेऊन आले. नवा पिकअप, मोठे टायर. आईला उतरवायला दोन माणसं लागली. ‘‘डॉक्टरसाहेब, साधं पायदान लावू की दार उघडताच खाली येणारं मोटरचं?’’

माझं मत असं, की आधी टेप घ्या. घरच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. पिकअपची फरशी दीड फुटाच्या वर. पायदान साधारण मध्यावर यायला हवं. पुष्कळ पायदानं फरशीला लागूनच असतात. दिसायला छान, गुडघ्याला निरुपयोगी. गोल पाइप तर नकोच, पावसात चप्पल घसरते. अख्खं पाऊल मावेल असं रुंद आणि खरबरीत हवं.

मोटरचं पायदान बरंच खाली येतं. गाडी शहरातच फिरत असेल आणि परवडत असेल, तर जरूर घ्या. पण शेतातली काळी माती बिजागरीत बसली की ते अडकू शकतं, आणि आई सवयीने पाय टाकते तिथे काहीच नसतं! म्हणून त्यांना मी साधंच, पण खाली सोडलेलं सुचवलं. बांधावर घासेल थोडं, घासू द्या.

दाराच्या आत पकडायला हँडल हवंच. चढताना चांगला पाय आधी. उतरताना तोंड गाडीकडे आणि दुखरा पाय आधी. हाडं ठिसूळ झाली असतील तर उतरताना एवढ्याशा घसरण्यानेही खुब्याचं हाड मोडतं.

आई इतका वेळ गप्प होत्या. मग मुलाला म्हणाल्या, ‘‘लहान गाडी नव्हती का रे मिळत?’’