आपली बातमी आपल्याला वाचता यावी



शहरातले काही आईबाप हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. इंग्रजी, इतिहास, नागरिकशास्त्र हे विषय माहितीपट आणि बातम्या दाखवून छान शिकवता येतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या बीड जिल्ह्यातही मुली घरी असतात, पण त्याला आपण 'घरी बसवली' म्हणतो. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन कारखान्याला निघतात. मुलगी बरोबर गेली तर कोपीवर धाकट्यांना सांभाळते. मागे ठेवावी तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या विशीतल्या बायकांत शंभरात चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती.

धारूरकडची अशीच एक घरी बसवलेली मुलगी गेलं वर्षभर माझ्याकडे शनिवारी येते. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचंय. इंग्रजीची तिला धास्ती. मी काही इंग्रजीची बाई नव्हे, म्हणून शहरातल्यांचीच युक्ती करून पाहिली.

पहिल्यांदा इंग्रजी माहितीपट लावला. निवेदक भराभरा बोलला, तिच्या हाती काही लागलं नाही. मग 'युगांतर' गटाच्या बायकांनी १९८२ मध्ये केलेला 'तंबाखू चाकिला ओब आली' लावला. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या कामगार बाया, त्यांची संघटना, बोलणं मराठी आणि खाली इंग्रजी ओळी. ही उलटी वाट बरी निघाली. अर्थ आधीच कळलेला असतो, फक्त इंग्रजीत तो कसा मांडलाय ते बघायचं. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "ताई, बाई एवढं बोलली अन् खाली एवढंच?" नागरिकशास्त्राचा याहून चांगला प्रश्न मला तरी सुचला नसता. मधलं काय गळलं, ते कुणी ठरवलं, यावर आमचा तास गेला.

'पारी'वर गावखेड्यातले लेख मराठीतही असतात आणि इंग्रजीतही. ऊसतोडीचे लेख आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून, खाडा झाला तर दंड. हे तिला पाठच होतं. पण बाईची वेगळी मजुरी कुठे लिहिली जाते का, हा प्रश्न तिला किमान वेतनाचा धडा वाचताना पडला.

आणि मग २०१९ ची बातमी आली. आपल्या जिल्ह्यातल्या गर्भाशयांची ही बातमी त्या एप्रिलमध्ये एका इंग्रजी दैनिकाने मोठी केली होती. नंतर सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. मुलीने भागाकार केला. सहा जणींत एक. गावात 'पिशवी काढली' म्हणतात, बातमीत 'हिस्टरेक्टॉमी'. तो शब्द तिने वहीत उतरवून घेतला आणि काही न बोलता घरी गेली.

पुढच्या शनिवारी तिने पेटीतला कागद आणला. आईच्या दवाखान्याचा, इंग्रजीत. शब्दकोश घेऊन आम्ही दोघी बसलो. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले होते. आईला हे सात वर्षांनी, लेकीच्या तोंडून कळलं. अंगाची आग, हाडांचं दुखणं, सगळं ती उन्हातल्या कामाच्या माथी मारत आली होती.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दैनिकानेही आपल्या ऊसतोड बायकांवर लिहिलं. सगळं जग वाचतं. जिच्यावर लिहिलंय तिला मात्र कुणीतरी येऊन सांगावं लागतं, आणि सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो.

म्हणून मी घरच्या शिक्षणाची आरती ओवाळणार नाही. माझ्या या विद्यार्थिनीकडे फोन भावाचा, तो आठला परत मागतो. टाळेबंदीत २०२० साली सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, चांगली होती, पण आठवीपर्यंतच. नववीतल्या मुलीला ना शाळा, ना मालिका. घरी बातम्या बघते म्हणून हंगामी वसतिगृह नको, असं कुणी म्हणालं तर त्याला आधी उसाच्या फडात न्यावं. आणि बातम्या म्हणजे चॅनलवरची आरडाओरड नव्हे. एक बातमी, दोन भाषांत, सावकाश वाचायची. सोबत बसून बोलणारी बाई हवीच, तिला इंग्रजी येत नसलं तरी चालेल.

बचत गटाच्या बैठकीला आपल्या किती गावांत जागा आहे, टीव्ही किंवा एखादा फोन आहे? आठवड्यातला एक तास तिथे मुलींसाठी ठेवता येईल का? गाड्या निघायच्या आत, दसऱ्यापूर्वी कळवा. घरी बसलेल्या मुलींची नावं आणि कुणाकुणाचा सतरा नंबर भरायचाय तेही लिहा. आणि घरोघरच्या पेट्यांतले दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवा, फेकू नका.