रिकामा रकाना

बारावीनंतर परभणी जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना सीईटी आणि नीट याच दोन वाटा दिसतात. तेथे एक आकडा निकाल देतो. सोनिपतचे अशोका विद्यापीठ किंवा अमेरिकेतील महाविद्यालये मात्र अर्जात आणखी एक प्रश्न विचारतात : तुमच्या आवडी कोणत्या, वर्गाबाहेर तुम्ही काय केले? येथे जिंतूर-पालमच्या मुलाची लेखणी थबकते. पियानो नाही, वादविवाद मंडळ नाही. रकाना कोरा राहतो आणि जागा हातची जाते.

हा रकाना निरागस नाही. १९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये परीक्षेच्या बळावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा त्यांना थोपविण्यासाठी ‘चारित्र्या’ची कसोटी पुढे करण्यात आली. आज त्याच रकान्यासाठी महानगरांतील पालक सल्लागारांना पैसे मोजतात.

म्हणून तो कोरा सोडायचा काय? मुळीच नाही. अमेरिकेतील सामाईक अर्जात १० उपक्रमांना जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला अवघी १५० अक्षरे. पण त्या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि मोलमजुरी यांनाही स्वतंत्र स्थान आहे. जायकवाडीच्या कालव्याची पाळी आली की रात्री दारे धरणारा मुलगा, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांसह घर चालविणारी मुलगी, यांच्या कष्टांना उपक्रम म्हणण्याचे कोणाला सुचत नाही. घरकाम म्हणजे काम नव्हे, ही समजूत जनाबाईंच्या गंगाखेडातही टिकून राहावी, हे नवलच!

मात्र ‘घरी मदत करते’ एवढ्याने भागत नाही. किती महिने, आठवड्याला किती तास, किराण्याचा हिशेब कोणी ठेवला, कोणते निर्णय स्वतः घेतले, हे लिहावे लागते. हरिपाठात मृदंग वाजविणाऱ्याने तो किती वर्षे वाजविला आणि आता कोणाला शिकवितो, ते सांगावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस खड्डे खणले असतील तर तेवढेच लिहावे. त्याला ‘ग्रामीण नेतृत्व’ म्हटले की मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. दारिद्र्याचे प्रदर्शनही नको.

हे सारे एकट्या मुलाला सुचणे कठीण. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वाचनालयात त्याच्याशेजारी बसून ‘काल दिवसभर काय केलेस?’ एवढे जरी विचारले, तरी अर्धा रकाना भरेल. परदेशी अर्जांची मुदत बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीत संपते, म्हणजे नेमकी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्यावर. तेव्हा उत्पन्नाचा दाखला आणि पालकांच्या सह्या दिवाळीच्या आतच घेऊन ठेवाव्या लागतील.