लांबचं घर स्वस्त नसतं

मुंबईत नोकरी करणाऱ्या जोडप्याने घर घ्यायचं काढलं की मामांपासून एजंटापर्यंत सगळे एकच सल्ला देतात. भांडुप-मुलुंडच्या जुन्या इमारतीत साडेतीनशे फुटांत कशाला कोंडून घेता? त्याहून कमी पैशांत बदलापूरला टू बीएचके मिळतो. नवी इमारत, लिफ्ट, पार्किंग, खिडकीतून डोंगर, मुलांना अभ्यासाला वेगळी खोली. प्रवास वाढेल, पण त्याची सवय होते. उद्या मेट्रो आली की किंमत कुठल्या कुठे जाईल. असं सांगणारे आपल्या भल्याचंच बघत असतात आणि त्यांचा हिशेब चोखही वाटतो. माझा आक्षेप त्या हिशेबालाच आहे, कारण त्यात घराच्या किमतीतला एक मोठा भाग धरलेलाच नाही.

सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, मुलुंड त्याच्याही जरा अलीकडे, आणि बदलापूर ६८. घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा वेळ मोजला तर मुलुंडकर आणि बदलापूरकर यांच्यात एका फेरीला तासाभराचा फरक सहज पडतो. दिवसाचे दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ५० तास. वर्षाला ६००. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत १२,००० तास, म्हणजे आठ तासांची ड्यूटी धरली तर १,५०० दिवस. वर्षाकाठी कामाचे ३०० दिवस असतील, तर ही पाच वर्षांची बिनपगारी नोकरी झाली. आणि हे एका माणसाचं. नवराबायको दोघंही मुंबईच्या दिशेने जात असतील तर दुप्पट.

आता पैशांत बघू. जवळच्या घरासाठी कर्ज २५ लाखांनी जास्त काढावं लागलं असं धरा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे २१,७०० रुपयांनी वाढतो. दोघांचे महिन्याला शंभर तास वाचतात, म्हणजे तासाला २१७ रुपये पडले. रक्कम लहान नाही, पण लांबच्या घरालाही असे खर्च असतात जे जाहिरातीत येत नाहीत : स्टेशनपर्यंतची रिक्षा किंवा दुसरी दुचाकी आणि तिचं पार्किंग, पाळणाघराचे जादा तास, उन्हाळ्यातले टँकर. ते वजा केले की फरक बराच खाली येतो.

‘सवय होते’ हे तर मला मुळीच पटत नाही. बदलापूरहून सकाळी निघणाऱ्या माणसाला गाडी तिथूनच सुटत असली तरी बसायला मिळेलच असं नाही, कारण अंबरनाथचे लोक आधीच उलट दिशेने ‘डाऊन’ करून जागा धरून आलेले असतात. मग चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवायला मिळालं तरी नशीब. दारात उभं राहणाऱ्यांचं काय होतं ते ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये दिसलं. गर्दीच्या दोन लोकल एकमेकींजवळून जाताना प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचे जीव गेले. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो आपण वर्षानुवर्षं कौतुकाने छापत आलो. त्यात कौतुक कसलं? साडेआठला घरी पोचून साडेनऊला सगळ्यांना वाढायचं असतं, म्हणून गवार डब्यातच मोडावी लागते. लांबच्या घराची किंमत घरातले सगळे सारखी भरत नाहीत. सर्वांत जास्त भरते ती बाई, आणि घर बघायला गेल्यावर तिला विचारतात काय, तर किचन आवडलं का.

गिरणी कामगारांना हा हिशेब कोणी शिकवावा लागला नाही. सरकारने त्यांना बदलापूरच्याही पुढे शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली, तेव्हा त्यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. मुंबईतच घर हवं, हीच त्यांची मागणी. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी वांगणीहून परळला रोज जाऊन बघावं.

डोंगर आणि हवेबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते खरंच आहे. अडचण घर कधी दाखवतात याची आहे. बिल्डरची गाडी रविवारी दुपारी येते, रस्ते मोकळे असतात आणि ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही पाटी खरी ठरते. ती जागा जुलैतल्या सोमवारी सकाळी सातला, पावसात, स्वतःच्या पायांनी बघायला हवी. उल्हास नदी कुठून वाहते तेही विचारायला हवं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या.

मेट्रोचं काय? ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्या भरवशावर तेव्हा घर घेतलेल्यांची मुलं शाळेत जायला लागली, तरी कल्याणला मेट्रो पोचलेली नाही. बिल्डरने मात्र तिचे पैसे पहिल्या दिवसापासून दरात धरले. ज्या सोयीचे पैसे आधीच मोजले, तिच्या येण्याने आपल्याला नफा होईल असं मानायला आधार कोणता?

राहिला जुन्या इमारतीचा मुद्दा, आणि पूर्वपक्षातला हाच खरा वजनदार आहे. मोडकळीला आलेल्या इमारतीत संसार मांडा असं मी म्हणणार नाही. पण धोका वयाने मोजायचा नसतो. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल मागता येतो, वाचता येतो. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स झालंय का हे विचारता येतं, आणि झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्यात आहे. जुन्या घराचे दोष असे समोर उभे असतात. उलट डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारती आठवा. नव्याकोऱ्या, रेरा क्रमांक असलेल्या. तो क्रमांकच बनावट परवानग्यांवर मिळवलेला निघाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. तिथल्या कुटुंबांनी हप्ते भरले होते, मुद्रांक शुल्क भरलं होतं. नवं म्हणजे सुरक्षित, या समजुतीची एवढी मोठी किंमत त्यांना मोजावी लागली.

म्हणून माझं म्हणणं असं : दोघांची नोकरी मुंबईत असेल तर लहान, जुनं, पण स्टेशनला चालत जाता येईल असं घर घ्यावं. आजी-आजोबा धरून पाच माणसं असतील तर ते अपुरं पडेल, हे मान्य. मुलीला दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात करावा लागेल. पण आजोबांना दुपारी चक्कर आली तर पाऊण तासात कोणीतरी घरी पोचेल. संध्याकाळी सातला आई किंवा बाबा त्या मुलीशेजारी बसलेले असतील. वेगळी खोली देऊन त्या खोलीबाहेर साडेआठ वाजेपर्यंत आई-बाबा नसणं, हा सौदा मला नको वाटतो.

जवळ म्हणजे दादरजवळ असंही नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला बदलापूरच जवळचं, आणि त्याने ते टू बीएचके बिनदिक्कत घ्यावं. दोघांतला एकच जण मुंबईला जात असेल तर तासाचा भाव ४३४ रुपयांवर जातो, तिथेही लांबचं घर योग्य ठरू शकतं.

खरी अडचण हप्त्याची नसते, हातातल्या रकमेची असते. तीस लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते, ७५ लाखांच्या वर तर ७५ टक्केच. त्यातून जुन्या इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून मुदतही कापते. तेवढी जमवाजमव होईस्तोवर भाड्याने जवळ राहावं. अकरा महिन्यांच्या कराराची टांगती तलवार मलाही ठाऊक आहे, आणि ‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ हे वाक्यही. पण कर्जाच्या पहिल्या वर्षांत हप्त्याचा बहुतेक भाग व्याजातच जातो, त्याला कोणी पाण्यात गेला म्हणत नाही. भाड्याच्या घरात निदान रोजचे दोन तास आपल्या हातात राहतात, आणि घर घेताना मुलांची शाळा बदलावी लागत नाही.