‘हळूहळू’ या शब्दाचें मोल

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा मुत्सद्दी म्हणून विल्यम विल्बरफोर्स हें नांव इंग्लंडच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्याचें चरित्र वाचीत असतां, शत्रूंच्या विरोधाइतकाच मित्रांच्या शैथिल्यानें त्याच्या कार्याचा घात केला, असें आम्हांस दिसून आलें. विषय घरोघरीं विचार करण्याजोगा असल्यामुळें तो या वेळीं वाचकांपुढें मांडीत आहों.

विल्बरफोर्सचा जन्म १७५९ सालीं हल या बंदरगांवीं एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं झाला. १७८० सालीं, ऐन एकविशींत, तो पार्लमेंटांत निवडून आला. देह किरकोळ, प्रकृति नाजूक, परंतु वाणी अशी कीं सभागृह तटस्थ व्हावें! मुख्य प्रधान धाकटा पिट हा त्याचा जिवलग मित्र. अशी अनुकूलता असतां अधिकारपदाचा मोह सोडून त्यानें गुलामांचा प्रश्न हातीं घेतला. आफ्रिकेंतील माणसें साखळदंडांनीं जखडून, गलबतांत कोंबून, वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांवर विकावयाचीं, हा त्या काळीं कायदेशीर व्यापार होता. थॉमस क्लार्कसन यानें बंदरोबंदरीं हिंडून पुरावे गोळा केले. इक्वियानो या स्वतः गुलामगिरी भोगलेल्या गृहस्थानें १७८९ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. आणि त्याच वर्षींच्या मे महिन्यांत विल्बरफोर्सनें पार्लमेंटांत या विषयावर आपलें पहिलें मोठें भाषण केलें.

१७९१ सालीं त्याची सूचना १६३ विरुद्ध ८८ मतांनीं फेटाळली गेली. यांत नवल नाहीं. ज्यांच्या पेट्या साखरेच्या पैशानें भरल्या, ते विरोध करणारच. नवल पुढेंच आहे. १७९२ सालीं विषय पुनः निघाला, तेव्हां डंडास नामक मंत्र्यानें तत्त्व मान्य करून फक्त एक शब्द घालण्याची उपसूचना आणली. तो शब्द ‘हळूहळू’! ठराव २३० विरुद्ध ८५ मतांनीं पास झाला, आणि व्यापार मात्र पुढें पंधरा वर्षें चालू राहिला. १७९६ सालीं तर विधेयक अवघ्या चार मतांनीं पडलें. ज्यांचा भरंवसा होता असे कित्येक सभासद त्या रात्रीं नवें संगीत नाटक पाहावयास गेले होते, असें विल्बरफोर्सनें स्वतः नमूद केलें आहे. ते कांहीं दुष्ट नव्हते. ते फक्त हजर नव्हते.

अखेर १८०७ सालीं २८३ विरुद्ध १६ मतांनीं त्याचा जय झाला, तेव्हां भर सभेंत त्याच्या डोळ्यांतून अश्रु वाहिले. परंतु बंद झाला तो व्यापार; गुलाम गुलामच राहिले. गुलामगिरीच नष्ट करणारें विधेयक आतां पास होणार, ही वार्ता २६ जुलै १८३३ रोजीं मृत्युशय्येवर त्याच्या कानीं आली. २९ तारखेस त्यानें देह ठेविला. त्या कायद्यानेंही दोन कोटि पौंडांची भरपाई दिली ती मालकांस! गुलामांस दमडीही मिळाली नाहीं. उलट बहुतेकांस १८३८ पर्यंत जुन्याच धन्याकडे बहुतांशीं बिनपगारी राबावें लागलें.

याच विल्बरफोर्सनें १८१३ सालीं हिंदुस्थानांत मिशनऱ्यांस मोकळीक मिळावी म्हणून बोलतांना आपल्या धर्माविषयीं अनुदार उद्गार काढले होते. ते आम्हांस मान्य नाहींत. तथापि आपलें घर तरी कोठें स्वच्छ होतें? पेशवाईंत कुणबिणींची खरेदीविक्री होई, त्यांच्या किमती जुन्या कागदांत नमूद आहेत, आणि ब्राह्मणांच्या माजघरांतही त्या राबत. १८३३ च्या कायद्यांतून कंपनीचा मुलूख वगळला होता. येथें कायदा झाला तो १८४३ सालीं. तोंवर येथल्या सज्जनांनींही ‘हळूहळू’ असेंच म्हटलें असेल.

हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. आमच्या घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंचा चहाचा पेला कोनाड्यांत निराळा ठेवलेला असे. धाकट्या सूनबाईंनीं एकदां विचारलें, “मामंजी, हा पेला वेगळा कां?” आम्हीं उत्तर दिलें, “खरें आहे, मुली. पण अशा गोष्टी हळूहळू जातात.” त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि पेला तेथेंच राहिला. हें चरित्र वाचून मिटलें त्या संध्याकाळीं आपलेंच वाक्य आम्हांस आठवलें. दुसऱ्या दिवशीं बाई येण्यापूर्वीं तो पेला आम्हीं स्वतः उचलून घरच्या पेल्यांत नेऊन ठेविला. कामाला अर्धें मिनिटही लागलें नाहीं. बाई या घरीं अकरा वर्षें येत आहेत.