'समजूतदार बाई'चं नवं नाव

सध्या प्रशिक्षणांच्या बाजारात 'भावनिक बुद्धिमत्ता' या मालाला फार उठाव आहे. बँका आणि आयटी कंपन्यांत तो पूर्वीपासून होताच. आता सरकारी खात्यांची प्रशिक्षणं, बचत गटांचे मेळावे आणि आपल्यासारख्या संस्थांची शिबिरं यांतही तो पोचला आहे. सांगणं थोडक्यात असं, की स्वतःच्या भावना ओळखा, त्यांना आवर घाला, दुसऱ्याच्या मनात शिरून बघा, माणसं जोडा. मग बढती मिळेल आणि नेतृत्व चालत तुमच्याकडे येईल. बायकांचा गट समोर असला की याला एक गोड पुरवणी जोडली जाते. हे गुण तुमच्यात उपजतच असतात, पुढचा काळ तुमचाच आहे!

मैत्रिणींनो, माझा आक्षेप आहे तो या पुरवणीला. हे गुण आपल्यात उपजत आहेत आणि नेतृत्वाला तेच लागतात, तर मग वरच्या खुर्च्यांवर आपण का नाही? प्रश्न अगदी साधा आहे. आजवर तो ज्या ज्या प्रशिक्षकाला विचारला, त्याने हसून पुढची पट्टी पडद्यावर टाकली आहे.

आधी या कल्पनेचं मूळ बघू. १९९० साली पीटर सालोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' या नावाने एक संशोधन-लेख लिहिला. भावना ओळखणं, समजणं आणि विचार करताना त्यांचा उपयोग करणं ही एक क्षमता आहे, असं त्यांचं मांडणं होतं. ते चांगलं होतं, आणि त्यात बढतीचा मंत्र वगैरे काही नव्हता. १९९५ साली डॅनियल गोलमन या पत्रकार-मानसशास्त्रज्ञाने याच नावाचं पुस्तक लिहिलं. बुद्ध्यंकापेक्षाही ही गोष्ट जास्त महत्त्वाची ठरू शकते, असं त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेलं होतं. १९९८ साली त्याने हीच कल्पना कामाच्या जागेला आणि नेतृत्वाला लावली आणि व्यवस्थापनाच्या जगाने ती उचलून धरली. मूळ मांडणी करणाऱ्या मेयर यांनी यशाबद्दलच्या या मोठमोठ्या दाव्यांवर पुढे स्वतःच टीका केली. पण बाजाराला टीका कुठे ऐकू येते?

गंमत अशी, की जी गोष्ट साहेबाला शिकवायला दिवसाला काही हजार रुपये घेणारा प्रशिक्षक लागतो, ती आपल्याला आठव्या-नवव्या वर्षी येत असते. बाहेरून आलेल्या बापाच्या चपलांच्या आवाजावरून आज घरात काय वातावरण राहणार, हे मुलीला कळतं. धाकट्या भावाला कधी आत न्यायचं, आईला कुठला विषय काढू नको म्हणून कधी खुणवायचं, सासरी गेल्यावर कुणाच्या मौनाचा अर्थ काय, हे सगळं ती शिकते. हे उपजत नव्हे. ज्याच्या हातात सत्ता नाही त्याला सत्ता असणाऱ्याचा चेहरा वाचावाच लागतो. गडी मालकाचा वाचतो, शिपाई साहेबाचा वाचतो, बाई घरातल्या पुरुषाचा वाचते. मालकाला गड्याचा चेहरा वाचण्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच पुढे कधीतरी मालकासाठी कार्यशाळा घ्यावी लागते.

बरं, ही विद्या आपल्याकडे आहे असं धरू. तिचे पैसे मिळतात का? मॅडेलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधी गोष्ट तपासली होती. कामाच्या ठिकाणी सहकाऱ्याला मदत करणारा पुरुष आणि मदत करणारी बाई, मदत नाकारणारा पुरुष आणि नाकारणारी बाई यांची वर्णनं लोकांपुढे ठेवली. मदत करणाऱ्या पुरुषाचे गुण वाढले, बाईचे वाढले नाहीत. नकार देणाऱ्या बाईचे गुण कमी झाले, पुरुषाचे झाले नाहीत. म्हणजे त्याने केलं तर कौशल्य, तिने केलं तर स्वभाव. आणि तिने नाही केलं तर मात्र गुन्हा! अमेरिकेतलाच २०१७ चा आणखी एक अभ्यास सांगतो, की ज्या कामांनी बढती मिळत नाही अशी कामं बायका जास्त वेळा अंगावर घेतातच, पण त्या बायकांकडेच जास्त वेळा मागितलीही जातात. निरोप समारंभाची वर्गणी कोण गोळा करतं, नव्या मुलीला कामाला कोण रुळवतं, बैठकीत भांडण झाल्यावर दोघांची समजूत कोण काढतं, हे आपापल्या कचेरीत जरा आठवून बघा. त्यासाठी अमेरिकेला जायला नको.

रागाचं तर विचारूच नका. भावनांना आवर घालणं हा या पंथातला मोठा गुण आहे. पण आवर कुणी घालायचा? व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत रागावलेल्या पुरुषाला लोकांनी अधिक दर्जा दिला. रागावलेल्या बाईचा दर्जा आणि तिला द्यावासा वाटलेला पगार दोन्ही घसरले. तो रागावला कारण परिस्थितीच तशी होती. ती रागावली कारण ती आहेच तशी. आपल्या भाषेत यासाठी शब्दही तयार आहेत. तो 'कडक' असतो, ती 'खवट' असते. त्याचा 'वचक' असतो, तिचा 'त्रागा' असतो.

म्हणजे सौम्य राहिलं तर आपण त्या जागेच्या लायक नाही आणि सौम्य राहिलो नाही तर बाई म्हणूनच लायक नाही. अ‍ॅन हॉपकिन्स हिची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८२ साली प्राइस वॉटरहाउस या हिशेब-तपासणीच्या बड्या पेढीत भागीदारीसाठी ८८ नावं होती, त्यात ही एकटी बाई. पेढीच्या ६६२ भागीदारांपैकी बायका फक्त ७. तिने आणलेलं काम इतरांच्या कामापुढे कुठेच कमी नव्हतं. तरी तिला थांबवलं गेलं, आणि सल्ला काय मिळाला? चालणं-बोलणं जरा बायकी ठेव, रंगरंगोटी कर, दागिने घाल. ती न्यायालयात गेली. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साचेबंद अपेक्षांवरून बाईला डावलणं हा लिंगभेदच असल्याचं मान्य केलं. पुढे तिला भागीदारीही मिळाली. ती मिळाली ती खटल्यामुळे. हॉपकिन्सने सल्ला मानून गोड बोलायचा वर्ग लावला असता, तर हा निकाल लागला नसता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर रूपन देओल बजाज. त्या आयएएस अधिकारी होत्या, म्हणजे नेतृत्वाच्या शिडीवर भारतात बाई जितकी वर जाऊ शकते तितक्या वर पोचलेल्या. १९८८ साली चंडीगढच्या एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी त्यांचा विनयभंग केला. त्यांनी तक्रार केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाब क्षुल्लक असल्याचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली फेटाळला, १९९६ साली गिल दोषी ठरले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. एका मेजवानीतल्या अपमानासाठी सतरा वर्षं! व्यवहारी शहाणपणाच्या कुठल्याही मापाने हे वेडेपण ठरेल. वरिष्ठांशी संबंध राखणं, प्रसंग हसून टाळणं, करिअरला जपणं यातलं काहीही या बाईने केलं नाही. आणि म्हणूनच आज विनयभंगाच्या खटल्यांत त्या निकालाचा आधार घेता येतो.

खरं म्हणजे या विषयावर आपण वाचायला हवं ते पुस्तक गोलमनच्या आधी बारा वर्षं आलेलं आहे. आर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईने १९८३ साली हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. प्रवाशाने कितीही उर्मटपणा केला तरी आतून प्रसन्न राहायचं, हे त्यांना रीतसर शिकवलं जायचं; कंपनी तिकिटाबरोबर ते हसू विकायची. हॉक्सचाइल्डने याला 'भावनिक श्रम' म्हटलं. शब्दांतला फरक बघा. 'बुद्धिमत्ता' म्हटलं की ती तुमची खासगी मालमत्ता, असली तर तुमचं भाग्य, नसली तर तुमचा दोष. 'श्रम' म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात. किती तास? कुणासाठी? कुणाच्या फायद्यासाठी? मोबदला किती? आपल्या एअर इंडियाच्या हवाईसुंदरींनी असे प्रश्न त्या आधीच कोर्टात नेले होते. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पहिली चार वर्षं लग्न करायचं नाही ही अट मात्र न्यायमूर्तींना रास्तच वाटली. हसू हवं, पण हसणाऱ्या बाईला नवरा-मूल नको.

आता आपल्या रोजच्या कामातल्या बायकांकडे येऊ. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशांची नेमणूक सुरू झाली. निवडीच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे, की तिच्याकडे संवादकौशल्य हवं, नेतृत्वगुण हवेत, लोकांपर्यंत पोचण्याची हातोटी हवी. म्हणजे ज्याला आज भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात ते सरकारने आठवी पास बाईकडून पात्रता म्हणून मागून घेतलं! गरोदर सुनेला दवाखान्यात पाठवायला तयार नसलेल्या सासूची समजूत ही बाई घालते. लसीला घाबरलेल्या वस्तीत ती दारोदार फिरते. २०२० साली कोविडच्या सर्वेक्षणाला गेल्यावर अंगावर धावून येणाऱ्या लोकांना तिनेच शांत केलं. आणि ती सरकारच्या लेखी कोण? स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामानुसार मोबदला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांना आरोग्य क्षेत्रातल्या जागतिक नेतृत्वाचा पुरस्कार दिला. जगाने नेता म्हटलं त्या बाईला तिच्याच सरकारने अजून कर्मचारी म्हटलेलं नाही.

अंगणवाडीचंही तेच, फक्त ते जास्त जुनं, १९७५ पासूनचं. मिळतं ते 'मानधन'. मान मोठा, धन थोडं. पण मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला, म्हणजे संप करायला बंदी. पगाराच्या वेळी सेवाभावी आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक! विधिमंडळात आणि बाहेर ओरड झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. त्या निकालापर्यंत पोचायला किती मोर्चे आणि किती उन्हं लागली, ते संघटनेतल्या बायकांना विचारा. सेविकांच्या पदरात जे पडलं ते आझाद मैदानात बसून पडलं. संयमाच्या कार्यशाळेत बसून पडलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा वापर तक्रारीच्या जागी होतो तेव्हा. एका कार्यालयातल्या तिघीजणी वरिष्ठाच्या वागण्याबद्दल बोलायला माझ्याकडे आल्या होत्या. तिथे अंतर्गत समितीचा फलक भिंतीवर होता, समिती कागदावर होती. तोंडी तक्रार गेल्यावर पंधरा दिवसांत व्यवस्थापनाने काय केलं? सर्व महिला कर्मचाऱ्यांसाठी ताण-नियोजन आणि भावनिक बुद्धिमत्ता यावर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. चहा, नाश्ता, प्रमाणपत्र. तो वरिष्ठ उद्घाटनाला हजर होता. दुपारच्या सत्रात तिघींना शिकवलं, की समोरचा कसा वागतो हे आपल्या हातात नसतं, आपण कशी प्रतिक्रिया देतो ते आपल्या हातात असतं. २०१३ चा कायदा मात्र नेमकं उलट सांगतो. समोरच्याचं वागणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे समिती हवीच, चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, आणि समेट करायचा तर तो तक्रारदार बाईने मागितला तरच, पैशांची देवघेव न करता. हा कायदा ज्या विशाखा निकालातून आला, तो १९९७ चा निकाल भंवरीदेवी या साथिनीवरच्या अत्याचारातून आला. तीही सरकारची एक मानधनावरची बाईच होती.

तर मग भावनांना कामात जागाच नाही का? असं म्हणणारी बाई या पानांवर लिहायला आलीच नसती. बायकांच्या गटात बसून एकीने सांगितलेलं दुसरीला आपलं वाटतं, तिथूनच तर आपलं काम सुरू होतं. फरक इतकाच, की तिथे राग हा दडपायचा दोष नसतो, तो माहिती देतो. कुणी, कुठे, काय केलं याची माहिती. प्रशिक्षणात तीच माहिती पुसून टाकायला शिकवतात.

म्हणून आपल्या संस्थेत असं प्रशिक्षण येईल तेव्हा मी बहिष्कार टाका म्हणणार नाही. जा, बसा आणि विचारा. वरिष्ठ पुरुष किती जण बसले आहेत? दुसऱ्याचं मन जाणणं ही कामाची पात्रता असेल, तर ती नेमणूकपत्रात कुठे आहे आणि पगारात किती रुपयांनी दिसते? मूल्यमापनात नव्यांना रुळवण्याचे, भांडणं मिटवण्याचे गुण धरता की नुसते अहवालांचे?

आणि हे आपल्या संस्थांनाही विचारायला हवं. बाईवर बेतलेल्या रात्री अकराचा फोन कोण घेतं, पोलीस ठाण्यात बरोबर कोण जातं, हादरलेल्या नव्या कार्यकर्तीपाशी कोण बसतं, आणि परिषदेत निबंध कोण वाचतं? आमच्या केंद्रात मध्यंतरी दोन महिने साधी वही ठेवली. वेळेबाहेर आलेला प्रत्येक फोन, घेणाऱ्याचं नाव, लागलेली मिनिटं. त्याहून वेगळं काही केलं नाही. वही विश्वस्तांच्या बैठकीत ठेवल्यावर रात्रीच्या फोनसाठी भत्ता आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा मंजूर झाली. पुरुष कार्यकर्त्यांनीही पाळी घ्यावी, या ठरावावर अजून भांडण चालू आहे.