ट्रॅक्टर सुरू होत नाही, तेव्हा

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा वाफसा फार दिवस टिकत नाही. अशा वेळी लहान डिझेल ट्रॅक्टर अडला व मिस्त्रीची वाट पाहत बसावे लागले, तर पेरणी हुकते. म्हणून पहिली तपासणी शेतकऱ्याने स्वतःच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. स्टार्टर फिरतच नसेल, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय, क्लच पूर्ण दाबला आहे काय व बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट आहेत काय, हे पाहावे. स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर टाकी, तोटी व फिल्टर तपासावेत. टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरते. टाकी भरून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा, हातपंप चालवावा व बुडबुडे थांबताच स्क्रू आवळावा. स्टार्टर सलग दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. बॅटरी व्यर्थ उतरते. पंप व इंजेक्टर मात्र मिस्त्रीनेच उघडावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम पेरणीपूर्वी गावोगाव करून दाखवावा. बैलाचे दुखणे पाहताक्षणी ओळखणाऱ्या शेतकरी बंधूंना तो अवघड नाही.