संगणकातल्या रुग्णाला जात नसते

आरोग्य अर्थशास्त्राच्या एका कार्यशाळेत मला एक हजार खोटे रुग्ण देण्यात आले. सगळे सिकलसेलचे. संगणकाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी चार घरं होती: बरा, वेदनेचा झटका, पक्षाघात, मृत्यू. दरवर्षी संगणक प्रत्येकासाठी फासे टाकतो. कोणी आहे त्याच घरात राहतो, कोणी पुढच्या घरात जातो. प्रत्येक घराला एक खर्च आणि एक गुण जोडलेला असतो. 1 म्हणजे पूर्ण तब्येतीचं एक वर्ष, 0 म्हणजे मृत्यू. हजार जणांना आधी औषधाविना जगवायचं, मग औषध देऊन जगवायचं, आणि तब्येतीचं एक वाढीव वर्ष किती रुपयांना पडलं ते काढायचं. ही रक्कम देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या आत असली, तर उपचार सहसा 'किफायतशीर' मानला जातो.

हा खेळ नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली 2017 पासून अशा मूल्यमापनाची यंत्रणा उभी आहे. सरकारी पैशातून कोणती तपासणी, कोणतं औषध घ्यावं, याचा सल्ला याच गणितातून निघतो. ब्रिटनमध्ये हे काम नाइस ही संस्था 1999 पासून करते.

चहाच्या सुट्टीत मी विचारलं, या हजार जणांची जात कोणती? शिकवणारे सज्जन होते, चिडले नाहीत. म्हणाले, डेटा नाही, आणि आजार जात पाहत नाही.

मी भिलाईची. आजोबा भंडारा जिल्ह्यातून पोलाद कारखान्यात कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या कॅम्पमध्ये विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबं, सतनामी, साहू, कुर्मी, गोंड असे सगळे शेजारी. सिकलसेल यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात आहेच. छत्तीसगडमध्ये झालेल्या मोठ्या तपासण्यांत साधारण दर दहा-अकरा जणांमागे एक वाहक सापडला आहे. विदर्भाचंही तेच. नागपूरच्या महार समाजातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. जनुकाला जात कळत नाही हे खरं. पण ज्या समाजात लग्नं जातीतच लावली जातात, तिथे जनुकालाही जातीतच राहावं लागतं. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेवढंच हे आहे.

1 जुलै 2023 रोजी पंतप्रधानांनी शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. मोहीम हवीच होती. पण ती बोलते आदिवासींबद्दल, आणि भिलाईतला तेली किंवा बौद्ध तरुण वाचतो की हा 'त्यांचा' आजार आहे. दुसरी अडचण जास्त खोल आहे. तपासणीचा लाभ मोजताना बऱ्याच गणितांत 'टळलेले जन्म' धरले जातात. बाधित मूल जन्मालाच आलं नाही की खर्च वाचतो. जन्माला आलेलं मूल त्या हिशोबात खर्चाच्या बाजूला बसतं.

असं एक मूल आमच्या घरात आहे. माझा मामेभाऊ, आता एकोणीस वर्षांचा. मामा कारखान्याच्या आवारातच काम करतो, पण ठेका कामगार म्हणून. कायम कामगाराला सेक्टर 9 चं रुग्णालय आहे, ठेक्यावाल्याला ते दार नाही. भावाचं दुखणं चढलं की मामाची हाजिरी बुडते. एकदा रात्री दोन वाजता त्याला एका दवाखान्यात नेलं, तेव्हा ड्यूटीवरचा माणूस आईला म्हणाला, "ये लड़का नाटक करता है, सुई की आदत पड़ गई है." मामीनं हात जोडले. सुई पहाटे मिळाली.

आता या रात्रीला गुण किती द्यायचा? गुण येतात एका प्रश्नावलीतून, तिचं नाव ईक्यू-फाइव्ह-डी. तिच्यात पाच गोष्टी आहेत: चालणं-फिरणं, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना, चिंता-नैराश्य. भारतासाठी तिचे गुण चंदीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या साडेतीन हजारांवर लोकांना विचारून ठरवले. 2022 साली ते प्रसिद्ध झाले. काम कष्टाचं आणि गरजेचं आहे, तोवर आपण परदेशी लोकांचे गुण उसने घेत होतो. पण वेदना किती, एवढंच ती विचारते. तुझ्या वेदनेवर विश्वास ठेवला का, हा सहावा प्रश्न तिच्यात नाही.

फासे कुठून येतात हाही प्रश्न आहे. कार्यशाळेतल्या तक्त्यात हायड्रॉक्सियुरियाचे आकडे अमेरिकेतल्या 1995 च्या चाचणीचे होते. त्या पद्धतीत मात्रा वाढवत न्यायची, त्यासाठी वारंवार रक्ततपासणी करायची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरावीक मात्रा देऊन मुलांवर चाचणी केली, ती 2012 साली छापून आली. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज स्पष्टपणे कमी झाली. कमी मात्रेला तपासण्याही कमी लागतात, म्हणजे फेऱ्या कमी, बुडालेली हाजिरी कमी. नागपूर भिलाईहून रेल्वेनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, तरी आमच्या तक्त्यात ते नव्हतं.

मी ठरवलं, आपणच जात घालून पाहू. आकडे होते. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी 2022 साली नऊ राज्यांच्या सर्वेक्षणातून आयुर्मान काढलं, त्यात छत्तीसगड आहे. सवर्ण हिंदूंपेक्षा आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त, मुस्लिमांचं सुमारे एक वर्ष. गरिबीचा वाटा बाजूला काढला तरी बरीचशी दरी उरते. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती इथे वर्षांत मोजलेली दिसते.

हे आकडे तक्त्यात घातले आणि मी अडकले.

समजा एकदाच करायचा उपचार आहे, खर्च सात लाख. सवर्ण रुग्णाला त्यातून तब्येतीची दहा वर्षं मिळतात, म्हणजे वर्षाला सत्तर हजार. दलित रुग्ण सिकलसेलमधून वाचला तरी क्षयानं, अपघातानं, नीट न मिळालेल्या उपचारानं लवकर जाणार, म्हणून त्याला सातच वर्षं मिळतात. म्हणजे वर्षाला एक लाख. आकडे माझे, उदाहरणापुरते. पण दिशा गणिताचीच आहे. ज्याचं आयुष्य जातीनं आधीच छाटलं, त्याला वाचवणं हिशोबात महाग पडतं. जात घातली नाही तर तो दिसत नाही, घातली तर 'परवडत' नाही. "डेटा नाही" म्हणणारे सर नकळत आपल्या बाजूनं होते की काय, असंही क्षणभर वाटलं.

वाट अमेरिकेतल्या एका अभ्यासात सापडली, तीही सिकलसेलवरच. तिथे या आजाराचे बहुसंख्य रुग्ण कृष्णवर्णीय. येल विद्यापीठातल्या जॉर्ज गोशुआ आणि सहकाऱ्यांनी 2023 साली जनुकीय उपचाराचं असंच संगणकी गणित केलं. रूढ हिशोबात तो उपचार महाग ठरला. मग त्यांनी विचारलं, लाभ कोणाला मिळतो याला वजन दिलं तर? सर्वांत मागे ठेवलेल्याला मिळालेलं एक वर्ष, आधीच पुढे असलेल्याच्या एका वर्षापेक्षा जास्त मोलाचं धरलं तर? असं वजन दिल्यावर उत्तर उलटू शकतं, आणि त्यासाठी लागणारं वजन अवाजवी नव्हतं. ब्रिटनच्या नाइसनंही जानेवारी 2025 मध्ये सिकलसेलच्या जनुकीय उपचाराला अटींसह मान्यता देताना या रुग्णांच्या वाट्याला आलेली आरोग्यविषमता विचारात घेतली.

म्हणजे तंत्र आहे. मला संगणक नको असं म्हणायचंच नाही. आमच्यातले काहीजण म्हणतात, माणसाच्या जिवाची किंमत काढणंच ब्राह्मणी आहे. मला ते पटत नाही. किंमत आजही काढली जाते, फक्त बंद खोलीत, आणि तिचा कागद आपल्या हाती येत नाही. तक्ता निदान उघडून बघता येतो. भांडण वजनावर व्हायला हवं: विषमतेला किती वजन द्यायचं आणि ते ठरवणाऱ्या समितीत कोण बसणार. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरात खाणीतल्या ठेका मजुरांनी 1983 साली स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारलं. कोणता उपचार 'परवडतो' हे तिथे मजूर आणि डॉक्टर एकत्र बसून ठरवत. ते वजन ठरवणंच होतं.

परवा मामाला लॅपटॉपवर तक्ता दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "माझी हाजिरी कुठं आहे यात?" नव्हती. बुडालेल्या मजुरीचा रकाना मी त्याच रात्री वाढवला. तिथे पुन्हा तोच पेच. खरा दर टाकावा तर मामाचा बुडालेला दिवस कायम कामगाराच्या दिवसापेक्षा कित्येक पट स्वस्त दिसतो, आणि औषधानं वाचवलेलं नुकसानही तितकंच किरकोळ. सध्या मी दोन्हीकडे कायम कामगाराचा दर टाकला आहे. मार्गदर्शक मॅडमनी समासात खूण करून विचारलंय, याला आधार काय?